कासरा धरणारा आधी शोधा: यात्रेच्या प्रदर्शनासाठी खिल्लार खोंड-कालवडींची तयारी

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो, खरसुंडीच्या सिद्धनाथाची असो की पंढरपूरचा कार्तिकीचा बाजार, प्रदर्शनाच्या रिंगणात आदत (अजून दुधाचे दात असलेल्या) गटाची जनावरे आली की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. अंगाने, रंगाने, शिंगाने उजवी असलेली कितीतरी खोंडे तिथे मागे पडतात, कारण ती उभीच राहत नाहीत. दोन माणसे कासऱ्याला लोंबकळताहेत, तिसरा मागून शेपटी पिळतोय, खोंडाचे डोळे पांढरे झालेत, आणि परीक्षकाला त्याची पाठही नीट पाहता येत नाही. शेजारचे थोडे उणे खोंड एका पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या हातात शांत उभे असते आणि फेटा त्याच्या मालकाला मिळतो.

म्हणून या लेखाची सुरुवात पेंडीपासून नाही, माणसापासून आहे. ज्याच्या हातात प्रदर्शनाच्या दिवशी कासरा असणार, तो पहिल्या दिवसापासून त्या वासरासोबत असला पाहिजे. यात्रेच्या आदल्या रात्री "जरा येतोस का रे धरायला" म्हणून बोलावलेला धट्टाकट्टा गडी उपयोगाचा नाही. जनावर ताकदीला ओळखत नाही, सवयीला ओळखते.

मी इथे माणदेशातल्या खिल्लारबद्दल लिहितो आहे, कारण तेच मला जवळून माहीत आहे. माळेगावच्या खंडोबा यात्रेत लाल कंधारी किंवा देवणी नेणारे, राजूरला डांगी नेणारे यांनाही बहुतेक सगळे लागू पडेल. फक्त जातीची लक्षणे त्यांनी आपापली पाहावीत.

वेळेचा हिशेब बेंदरापासून

पुसेगावची यात्रा बहुधा डिसेंबरात येते. तिथून मागे मोजले तर आषाढातला बेंदूर, म्हणजे बैलांचा सण, हा तयारीचा उत्तम मुहूर्त आहे. पाच-साडेपाच महिने हातात राहतात. पेरण्या आटोपलेल्या असतात, हिरवा चारा येऊ लागतो, आणि मुख्य म्हणजे घरातली पोरे त्या दिवशी आपणहून गोठ्यात असतात. पोळा पाळणाऱ्या भागात श्रावणी अमावस्येपासून सुरुवात केली तरी चालेल, मात्र वेळ थोडा कमी पडेल.

तयारीला घ्यायचे वासरू आठ महिने ते दीड वर्षाच्या दरम्यानचे असावे. त्याहून लहान वासराला यात्रेची दगदग सोसत नाही. दोन वर्षांच्या पुढचे न शिकवलेले खोंड नवख्या पोराच्या हाती देणे धोक्याचे आहे. आदत म्हणजे दुधाचे दात असलेले. आपल्या देशी जनावरांत पहिली कायमची जोडी साधारण दोन ते अडीच वर्षांत येते आणि जनावर दुसा होते. यात्रेच्या तारखेला आपले वासरू कोणत्या गटात असेल याचा अंदाज आत्ताच बांधा. दात हलायला लागलेले खोंड आदत म्हणून नेले तर ऐन वेळी वाद होतो, आणि त्या वादात पोराचा उत्साह मरतो.

वासरू निवडताना

खिल्लारची लक्षणे सगळ्यांना तोंडपाठ असतात, तरी निवडताना जीव गुंतलेला असल्यामुळे डोळेझाक होते. शेजारच्या जाणत्या माणसाला बोलवा आणि त्याला बोलू द्या. तोंड लांब आणि निमुळते, कपाळ किंचित फुगीर व मधोमध उभी खाच, शिंगे मुळाशी जवळ येऊन मागे झुकणारी, कान लहान व टोकदार, कातडी अंगाला घट्ट, गळ्याखालची लोंबती कातडी म्हणजे पोळी आणि बेंबीजवळची म्हणजे बेंबट आटोपशीर, खूर काळे व मिटलेले, शेपटीचा गोंडा काळा. कोसा, काजळी, पांढरा असे रंगाचे आवडीनिवडीचे भाग आहेत, त्यात फार अडकू नका.

मी दोन गोष्टींना सगळ्यांत जास्त वजन देतो. पहिली चाल. वासराला सपाट जागेवर चालवा आणि मागून पाहा. मागचे पाय एकमेकांना घासतात का, मागच्या पायांचे गुडघे आत वळतात का? हे दोष खाऊ घालून जात नाहीत. दुसरी गोष्ट स्वभाव. खिल्लार मुळातच तापट आणि चपळ, पण एकाच कळपात काही वासरे आवाज झाला की आधी पळतात आणि काही आधी वळून पाहतात. वळून पाहणारे घ्या.

पोर कुठे शोधायचे

"हल्लीच्या पोरांना जनावरांची आवड नाही" हे वाक्य पारावर रोज ऐकू येते. मला ते पटत नाही. बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये कायमची मोकळीक दिल्यापासून तर गावोगावची पोरे खोंडांचे व्हिडिओ काढत हिंडताहेत. आवड आहे, तिला कामाला लावणारा माणूस हवा.

पहिला शोध आपल्या वस्तीवरच घ्या. ज्या घरची जनावरे विकली गेली, त्या घरातले पोर बहुतेकदा तुमच्या गोठ्यापाशी घुटमळत असते. त्याला विचारा. दूध घालायला संकलन केंद्रावर येणारी मुले-मुली हा दुसरा झरा. ती पहाटे उठतात, कामाला सरावलेली असतात. तिसरे, कृषी महाविद्यालयांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी काही महिने गावात राहतात. त्यांना प्रात्यक्षिके करून दाखवायचीच असतात. वजन मोजणे, आहार ठरवणे, नोंदवही ठेवणे ही कामे त्यांच्यावर सोपवा. पशुवैद्यकीय पदविकेच्या मुलांचाही असाच उपयोग होतो. पण ही मुले परत जाणारी असतात, म्हणून कासरा गावातल्याच पोराच्या हाती द्या आणि विद्यार्थ्यांना त्याच्या जोडीला ठेवा.

मुलींना विचारायला विसरू नका. कालवडी तर मुलींच्या हातात फार लवकर निवतात. घरात वासरांना पाणी, चारा, धारेच्या वेळी सोडबांध हे सगळे मुलीच करतात आणि प्रदर्शनात मात्र भाऊ कासरा धरून फोटोला उभा राहतो. जिने वाढवली तिनेच रिंगणात न्यावी.

वयाचे आणि पैशांचे स्पष्ट असावे. १४ वर्षांखालच्या मुलाला मजुरीवर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. घरचे लहान मूल शाळा सांभाळून हात लावते ते वेगळे, पण बाहेरचे पोर घ्यायचे तर चौदाच्या पुढचे घ्या, आईवडिलांशी त्यांच्या घरी जाऊन बोला, आणि काय देणार ते तिथेच सांगा. रोजचा मेहनताना, बक्षिसातला वाटा, किंवा पुढच्या वेतातली एखादी पाडी. जे ठरेल ते आईवडिलांसमोर ठरू द्या. दहावी-बारावीचे पोर असेल तर सकाळचा अर्धा-पाऊण तास आणि संध्याकाळचा तेवढाच, त्याहून जास्त मागू नका.

शक्यतो एका वासरामागे दोन पोरे तयार करा. परीक्षा, आजारपण, सोयरिकीतले लग्न, काहीही निघते.

पहिले तीन आठवडे फक्त ओळख

पहिल्या आठवड्यात दोरी नाही. पोराने वासराजवळ बसायचे, त्याच्याशी बोलायचे, हातातून चारा द्यायचा, मग खांद्यावर, वशिंडाखाली, मानेवर खाजवायचे. वासराला पोळीखाली खाजवलेले फार आवडते. तोंडाकडून सुरुवात करू नये आणि कपाळाला ढकलत खेळू तर अजिबात नये. आज गंमत वाटते, पण वर्षाने तेच खोंड माणूस दिसला की मुंडी खाली घालते.

दुसऱ्या आठवड्यात रोज दोनदा खरारा, म्हणजे ब्रशने अंग घासणे. आधी पाठ, मग पोट, शेवटी पाय. पायाला हात लावू देईपर्यंत घाई नको. याच आठवड्यात म्होरकी (तोंडाभोवतीची दोरी, जिला कासरा जोडतात) घालायची, सुरुवातीला पंधरा मिनिटे, मग वाढवत न्यायची. या वयाच्या वासराला वेसण नको. नाकाची जखम ओली असताना दोरी ओढली गेली तर त्याला माणसाच्या हाताचीच भीती बसते. खोंडाला वेसण पुढे घालायचीच असेल तर ती जाणत्याकडून आणि प्रदर्शनाच्या कितीतरी आधी, जखम पूर्ण भरण्याइतका अवकाश ठेवून.

तिसऱ्या आठवड्यात बांधून ठेवण्याची सवय. कासरा वासराच्या खांद्याच्या उंचीला, हातभर मोकळा, आणि एक टोक ओढताच सुटेल अशी गाठ. ही गाठ पोराला डोळे मिटून मारता आली पाहिजे. वासरू अडकून पडले तर तेवढ्यावर जीव वाचतो.

चालवणे आणि उभे करणे

चालवायला शिकवण्याचे सगळे मर्म कासरा सैल सोडण्यात आहे. बहुतेक जण ओढतात आणि ओढतच राहतात. वासरू पाय रोवते, कारण ओढणे कधी थांबते हे त्याला कळतच नाही. कासऱ्याला हलका ताण द्यायचा, थांबायचे, वासराने अर्धे पाऊल जरी टाकले तरी त्याच क्षणी ताण सोडायचा आणि मानेवर हात फिरवायचा. काही दिवसांत ते नुसत्या हाताच्या हालचालीवर चालू लागते. सुरुवातीला गोठ्यातून पाण्याकडे चालवा, म्हणजे पुढे जाण्याचे कारण त्याच्याकडेही असते. शेपटी पिळणे, काठीने टोचणे पूर्ण बंद. रिंगणात ते दिसते, आणि मागून मारलेले जनावर परीक्षक मागे गेला की बिथरते.

पोराने वासराच्या डाव्या बाजूला, मुंडीच्या रेषेत चालायचे. उजव्या हातात म्होरकीजवळ कासरा, उरलेला कासरा डाव्या हातात घड्या घालून. मनगटाला किंवा कमरेला कासरा गुंडाळायचा नाही, कधीच नाही, एका मिनिटासाठीही नाही. खोंड उधळले तर माणूस फरफटत जातो. पायात बंद बूट, चप्पल नको. खोंड दीड वर्षाच्या पुढे गेले की जोडीला मोठा माणूस हवाच. धनुर्वाताचे इंजेक्शन पोराने आधीच घेतलेले असावे, आणि वासराच्या तोंडातून लाळ गळत असेल किंवा त्याला कुत्रे चावल्याची शंका असेल तर तोंडात हात न घालता थेट डॉक्टरांना बोलवायचे.

उभे करणे हा वेगळा धडा आहे. चारही पायांवर सारखा भार, मागचा एक पाय किंचित मागे, मुंडी वर, कासरा सैल. पुढचे पाय बोटभर उंच जागेवर आले तर खिल्लारची छाती आणि वशिंड खुलून दिसते. आधी दहा सेकंद, मग वाढवत पाच मिनिटांपर्यंत. ओठ उचलून दात दाखवण्याची सवयही घरीच करा. परीक्षक वय दातांवरूनच पाहतात आणि नेमके त्याच क्षणी सराव नसलेली जनावरे मागे उसळतात.

दोन महिन्यांनी त्याला गाव दाखवायला सुरुवात करा. आधी पहाटेचा रिकामा रस्ता, मग दूध केंद्रापाशी, मग शाळा सुटताना लांबून, मग आठवडी बाजाराच्या कडेला. हलगी लांबून वाजवा आणि वासरू खात असतानाच हळूहळू जवळ आणा. दिवाळीचे फटाके मात्र सरावात धरू नका, त्या दिवसांत त्याला आत बांधा.

खाऊ घालणे

यात्रेसाठी म्हणून खोंडाला अंडी, तूप, खारीक आणि मोजमाप न ठेवता भरडा चारण्याची चढाओढ लागते. माझे ठाम मत आहे की यातले बरेचसे मालकाच्या समाधानासाठी असते. एकाएकी वाढवलेल्या धान्याने पोटात आम्लता होते, वासरू चारा सोडते, कधी खुरांत सूज येऊन लंगडते. कालवड फार लठ्ठ झाली तर कासेत चरबी साठते आणि गाभण राहायलाही त्रास होतो. हाडे दिसू नयेत, शेवटच्या दोन फासळ्यांची ओळख मात्र राहावी, इतके अंग पुरे.

आधी वजन काढा. काटा नसेल तर टेप चालतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले १०,८४०. उत्तर किलोत येते. घेर १३० आणि लांबी ११० असेल तर वजन साधारण १७१ किलो.

एवढ्या वासराला दिवसाला साडेचार ते पाच किलो कोरडा अंश लागतो. म्हणजे सुमारे १० किलो हिरवा चारा, पावणेदोन किलो कुट्टी केलेला कडबा, सव्वा किलो पेंड-भरड्याचे मिश्रण, ३० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर मीठ. हिरव्यात मक्याबरोबर थोडा लसूणघास असेल तर पेंड कमी करता येते, पण ओला लसूणघास उपाशी पोटी कधीच नाही, पोट फुगते. खाद्यातला कोणताही बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू करा. टेप दर पंधरवड्याला लावा आणि आकडा पोराने स्वतःच्या हाताने वहीत लिहावा. आकडा वाढताना पाहणे हा त्याचा रोजचा पगार असतो.

लस, बिल्ला, कागद

यात्रेत शेकडो गावांची जनावरे एका नांदीवर येतात. २०२२ मध्ये लम्पीने राज्यातले बाजार आणि प्रदर्शने बंद पाडली, ते कोणी विसरलेले नाही. लाळ्या खुरकुताची लस सहा-सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी, लम्पीची वर्षातून एकदा. लस टोचल्यावर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून यात्रेच्या किमान महिनाभर आधी सगळे पूर्ण असावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना सांसर्गिक गर्भपाताची लस आयुष्यात एकदाच दिली जाते, ती चुकली असेल तर नोंदीवरून लगेच कळेल. जंतनाशक आणि गोचिडाचे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, वजन सांगून. अंदाजाने बाटली ओतू नका.

कानातला बारा अंकी बिल्ला शाबूत आहे का पाहा. लसीकरणाची नोंद, आरोग्य दाखला आणि वाहतुकीसाठी प्रवासयोग्यतेचा दाखला एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा आणि ती पिशवी पोराकडे द्या. रेतनाची पावती किंवा वळूची माहिती असेल तर तीही. परीक्षक विचारतात.

अंग, शिंगे, खूर

खिल्लारची कातडी चमकते ती खराऱ्याने आणि कोरड्या जागेने. पांढऱ्या अंगावर शेणामुताचे पिवळे डाग एकदा मुरले की शेवटच्या दिवशी धुऊन जात नाहीत, म्हणून बसायची जागा रोज कोरडी हवी. आंघोळ ऊन असताना, रिठा किंवा शिकेकाईने. कपड्याच्या पावडरीने कातडी कोरडी पडून खवले सुटतात. डिसेंबरात सूर्य कलल्यावर पाणी घालू नये.

वर्षाच्या आतल्या वासराची शिंगे साळू नका. शिंगाच्या आत जिवंत भाग असतो, खोल गेले की रक्त येते आणि जखम चिघळते. तेलाचा हात पुरे. खूर वाढले असतील तर महिनाभर आधी साळून घ्या. आदल्या दिवशी साळलेल्या खुराने वासरू चाचरत चालते. झूल, गोंडे, घुंगरमाळ हे मिरवणुकीसाठी ठेवा. रिंगणात साधी स्वच्छ म्होरकी आणि नवा कासरा, एवढेच. परीक्षकाला जनावर पाहायचे असते आणि झुलीखाली पाठ झाकली जाते. ऑइलपेंटने शिंगे रंगवणे तर पूर्ण टाळा.

यात्रेच्या तळावर

एक दिवस आधी पोचा. गाडीत खाली भुसा किंवा उसाचे पाचट अंथरा, गच्च भरू नका, मुंडी प्रवासाच्या दिशेला. घरचा कडबा, घरची पेंड, घरची बादली सोबत न्या. सार्वजनिक हौदावर पाजू नका, बादलीने आणून पाजा. नवे पाणी कधी कधी वासरू नाकारते, तेव्हा थोडा गूळ घातला की पिते. पोट भरलेले दिसावे म्हणून मीठ चारून पाणी ढोसायला लावण्याची खोड काही जणांना आहे. परीक्षक ते ओळखतात आणि जनावराला ते सोसत नाही.

रिंगणात जायच्या आधी पोराने खाल्लेले असावे. हे मुद्दाम लिहितो, कारण सगळे खोंडाला चारण्यात गुंतलेले असतात. पुढच्या जनावरापासून दोन जनावरांचे अंतर, एक डोळा परीक्षकावर, एक खोंडावर. विचारले तर जन्मतारीख, आईचे दूध, वळू, आहार, लस हे पोरानेच सांगावे. मालकाने कठड्याबाहेरून ओरडून सूचना देऊ नयेत. खोंड बावरले तर ओढाओढ न करता मुंडी स्वतःकडे वळवून लहानसा वळसा घालायचा आणि पुन्हा उभे करायचे.

अमेरिकेत १९०२ पासून चालत आलेल्या फोर-एच या मुलांच्या चळवळीच्या मेळ्यांत एक गट असा असतो, ज्यात गुण जनावराला नसून धरणाऱ्या मुलाला मिळतात: त्याने ते कसे चालवले, कसे उभे केले, त्याला त्याच्याबद्दल किती माहिती आहे. आपल्या यात्रा समित्यांनी आदत गटाबरोबर असा एक गट ठेवावा असे मला मनापासून वाटते. त्याला खर्च फारसा नाही. तोवर निदान माइकवर मालकाच्या नावाबरोबर कासरा धरणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव पुकारायला सांगा. नाव चिठ्ठीवर लिहून आधीच द्या, म्हणजे राहत नाही.

परत आल्यावर

घरच्या कळपात लगेच सोडू नका. तीन ते चार आठवडे वेगळे बांधा, बादली वेगळी, आणि पोराने आधी घरची जनावरे आटोपून मग त्याच्याकडे जावे. रोज सकाळी ताप पाहा. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट नेहमीचे. त्याच्या वर गेला, लाळ गळली, अंगावर गाठी दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टर. वाढवलेली पेंड आठवड्यात थोडी थोडी उतरवा.

बक्षीस मिळालेल्या खोंडाला यात्रेतच गिऱ्हाईक लागते. विकायचे असेल तर ते पोराला बेंदरालाच सांगून ठेवलेले असावे, सौदा ठरल्यावर नव्हे. ठरलेला वाटा त्याच दिवशी, मोजून, त्याच्या हातात. आणि गिऱ्हाइकाला दाखल्यांच्या पिशवीबरोबर पोराच्या वहीची प्रतही द्या: काय खाते, कोणत्या बाजूने धरायचे, कशाला बुजते, कुठे खाजवले की शांत होते. नव्या गोठ्यात पहिले पंधरा दिवस ती वही फार उपयोगी पडते.